केस रिपोर्टचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट: मथळे घालून की सलग?

केस रिपोर्ट म्हणजे एखाद्या पेशंटच्या आजाराची वैद्यकीय जर्नलमध्ये (नियतकालिकात) छापली जाणारी हकीकत, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे तिच्या सुरुवातीचा छोटा सारांश. तो मथळे घालून लिहायचा की सलग? जर्नल ठरलं असेल तर हा प्रश्न बहुतेक सुटलेलाच असतो. 'जर्नल ऑफ मेडिकल केस रिपोर्ट्स'ला बॅकग्राउंड (पार्श्वभूमी), केस प्रेझेंटेशन (केसची मांडणी) आणि कन्क्लुजन्स (निष्कर्ष) असे तीन मथळे लागतात आणि ३५० शब्दांपर्यंत मुभा असते. 'बीएमजे केस रिपोर्ट्स'ला सलग सारांश हवा, तोही १५० शब्दांत. खरी निवड करायची वेळ येते ती जर्नल अजून ठरलेलं नसताना, किंवा दोन्ही प्रकार चालत असतील तेव्हा.

मथळ्यांचा मोठा फायदा म्हणजे काय राहिलं ते लगेच दिसतं. केस रिपोर्ट कसा लिहावा हे सांगणाऱ्या २०१३ च्या केअर (CARE) मार्गदर्शक सूचना अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये जे मागतात (केसमध्ये वेगळं काय, मुख्य लक्षणं, निदान, उपचार, परिणाम, शिकण्यासारखं काय) ते या चौकटीत आपसूक बसतं. पण 'बॅकग्राउंड' हा शब्द दिसला की भलेभले आजाराची व्याख्या लिहायला बसतात. रिव्ह्यूअरला (जर्नलसाठी लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाला) ती पाठ असते. तिथे एकच वाक्य हवं: ही केस छापण्याजोगी का आहे.

सलग लेखनात प्रत्येक भाग भरायची सक्ती नसते, आणि तीच त्याची अडचण. लक्षणं आणि तपासण्या रंगवता रंगवता शब्द संपतात आणि पेशंटचं पुढे काय झालं ते राहूनच जातं. समजा, संधिवातावर मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या बाईंची केस आहे. सलग मसुदा बऱ्याचदा असा उतरतो: 'साठीच्या महिलेस तोंडातील व्रण व ताप यांमुळे दाखल करण्यात आले. सर्व तपासण्या करण्यात आल्या. योग्य उपचारांनी प्रकृती सुधारली.' यात केस कुठे आहे? आता हे बघा: 'आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी रोज घेतली गेल्याने साठीच्या महिलेच्या तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घटल्या. औषध थांबवून फॉलिनिक अ‍ॅसिड दिल्यावर त्या पूर्ववत झाल्या.' शब्द जवळपास तेवढेच, पण कारण, परिणाम, उपचार आणि शेवट, सगळं आलं.

औषधाचा दुष्परिणाम, डोसची चूक, शस्त्रक्रियेतली गुंतागुंत अशा केसला माझं मत सरळ मथळ्यांना. निदानाने हुलकावणी दिली असेल, आधी एक वाटलं आणि निघालं भलतंच, तर सलग लेखन जास्त शोभतं. डॉक्टरांचा विचार कुठे वळला ते मथळ्यांच्या खाचांत अडकत नाही. मात्र अंतिम निदान शेवटच्या ओळीपर्यंत लपवून ठेवू नका. ही रहस्यकथा नव्हे, आणि पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर) शोधणारा निदानाच्याच शब्दाने शोधतो.

अजूनही ठरत नसेल तर आधी मथळ्यांचा मसुदा करा. तो सलग करणं सोपं असतं: मथळे काढा, पहिलं वाक्य आटोपशीर करा, नॉर्मल आलेल्या तपासण्या उडवा (निदान ज्यांच्यावर उभं आहे त्या सोडून). सलग मसुद्यावरून मथळ्यांकडे जाताना मात्र राहिलेली माहिती शोधायला पुन्हा केसपेपर उघडावा लागतो.

एक खबरदारी दोन्हीकडे सारखीच. पूर्ण लेख पैसे भरून वाचायचा असला तरी अ‍ॅबस्ट्रॅक्ट सगळ्यांना खुला असतो. पेशंटची लेखी संमती असली तरी नेमकं वय, व्यवसाय आणि गाव एकाच ओळीत आलं की ओळखीची माणसं पेशंटला ओळखतात. निदानाला ज्याची गरज नाही ते तिथे लिहूच नका.