गाईच्या कोटीपोटातील द्रवाची तपासणी: नाशिकमधील एका सेवेचा अनुभव

मखमलाबाद शिवारात आमचा आठ संकरित गाईंचा गोठा आहे. गेल्या लग्नसराईत आमची दुसऱ्या वेताची एक गाय आजारी पडली, तेव्हा दिंडोरी रस्त्याकडील एका खासगी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दोन सेवा आम्ही घेतल्या. पहिली म्हणजे कोटीपोटातील (गाईच्या पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातील) द्रवाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि दुसरी म्हणजे निरोगी गाईच्या कोटीपोटातील द्रव काढून तो आजारी गाईला देणे. या सेवांविषयी दूध उत्पादकांना फारशी माहिती नसते, आम्हालाही नव्हती, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

नाशिकच्या आसपास लॉन्सची संख्या मोठी आहे आणि लग्नाच्या दिवसांत तेथे उरलेला भात व पोळ्या गोठ्यांवर स्वस्तात येतात. आम्हीही दोन-तीन आठवडे तो घेत होतो. त्या काळात संकलन केंद्रावर आमच्या दुधाचा फॅट 3.8 वरून 3.1 वर आला. उन्हाळा आहे, असे आम्ही समजलो. मग एका रात्री या गाईने दावे सोडवून बादलीभर भात एकटीने खाल्ला. सकाळी रवंथ बंद, शेण पातळ, आंबट वासाचे व फेसाळ, आणि डाव्या भकाळीवर मूठ दाबली तर आत पाण्यासारखे हिंदकळत होते. आईने खाण्याचा सोडा पाजला. मी बाजारातून पोटाच्या सूक्ष्मजीवांसाठी म्हणून विकली जाणारी यीस्टची पावडर आणली. सोड्याने थोडा उतार पडला, पण तिसऱ्या दिवशीही गाय वैरणीला तोंड लावेना.

दवाखान्याचे डॉक्टर दुपारी गोठ्यावर आले. जबडा उघडा ठेवणारे साधन लावून त्यांनी तोंडावाटे नळी आत घातली आणि हातपंपाने द्रव ओढला. पहिला अर्धा लिटर त्यांनी फेकून दिला, कारण त्यात लाळ मिसळलेली असते आणि लाळेतील क्षारांमुळे सामू (पीएच; तो जितका कमी तितका द्रव आंबट) खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. पुढचा द्रव त्यांनी गरम पाण्याने विसळलेल्या थर्मासमध्ये घेतला. मग माझ्या विनंतीवरून शेजारच्या दावणीतील निरोगी गाईचाही नमुना घेतला. निरोगी गाईचा द्रव हिरवट तपकिरी, किंचित दाट आणि मुरलेल्या वैरणीच्या वासाचा होता. आजारी गाईचा दुधाळ करडा आणि नाकाला झोंबणारा आंबट होता. सामूची पट्टी एकीकडे 6.6 आणि दुसरीकडे 5.3 दाखवत होती. मिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य घातल्यावर निरोगी नमुन्यातील निळा रंग चार मिनिटांत उडाला, कारण त्यातील जिवाणू कामात होते. आजारी नमुना वीस मिनिटांनंतरही निळाच होता.

त्यानंतर मी दवाखान्यात जाऊन जे पाहिले, ते केवळ या एका गोष्टीसाठीही पैसे देण्यासारखे आहे. कोमट केलेल्या काचपट्टीवर निरोगी गाईच्या द्रवाचा एक थेंब ठेवून डॉक्टरांनी मला भिंगातून पाहायला सांगितले. तो थेंब सगळा हलत होता. तांदळाच्या कणीसारखे लहान लंबगोल जीव गर्दीने ये-जा करत होते आणि त्यांच्यामधून अंगभर बारीक केस असलेले मोठे जीव सरळ रेषेत झपाट्याने निघून जात होते. हे प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म जीव. फ्रान्समध्ये ग्रुबी आणि डेलाफोंड या संशोधकांनी 1843 मध्येच त्यांचे वर्णन केले होते. एका मिलिलिटरमध्ये ते काही लाख असू शकतात, तर त्यांच्यापेक्षा फार लहान असलेले जिवाणू त्याच मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात असतात. आजारी गाईच्या थेंबात वैरणीचे तुकडे होते, पण हलणारे काहीच नव्हते.

डॉक्टरांनी समजावलेली गोष्ट माझ्या शब्दांत सांगतो. गाय स्वतः कडबा पचवू शकत नाही, कारण त्यातील सेल्युलोज (वनस्पतींचे तंतू बनवणारा पदार्थ) तोडणारे विकर (एन्झाइम) तिच्या शरीरात तयार होत नाही. ते काम कोटीपोटातील फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकॉकससारखे जिवाणू करतात, शिवाय वैरणीच्या कठीण धाग्यांत शिरणारी ऑक्सिजनशिवाय जगणारी बुरशीही त्यात असते. 1975 मध्ये संशोधक ऑर्पिन यांनी दाखवून देईपर्यंत या बुरशीचे पोहणारे बीजाणू प्रोटोझोआच समजले जात. हे सारे मिळून ॲसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक आम्ले तयार करतात, आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे 70 टक्के भाग त्यातूनच येतो. दुधातील फॅट बऱ्याच अंशी ॲसेटिक आम्लापासून बनतो, म्हणजे वैरण कमी आणि भात जास्त झाला की फॅट उतरणारच. भाताचा स्टार्च एकदम पडला, तर स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जिवाणू झपाट्याने वाढून लॅक्टिक आम्ल तयार करतो. सामू घसरतो आणि तंतू पचवणारे जिवाणू व प्रोटोझोआ मरू लागतात. फॅट 3.1 झाला तेव्हाच हे सुरू झाले होते.

यीस्टच्या पावडरीबद्दलही येथेच उलगडा झाला. जिवंत यीस्ट कोटीपोटातील थोडाफार ऑक्सिजन वापरून टाकते आणि आधीपासून असलेल्या जिवाणूंना पोषक परिस्थिती देते. ते स्वतः तेथे कायमची वस्ती करत नाही, म्हणून रोज द्यावे लागते. ज्या पोटात मदत घ्यायला कुणी उरलेलेच नाही, तेथे ते काय करणार? शिवाय मी आणलेल्या पाकिटावर आतील यीस्ट जिवंत आहे की मृत आणि प्रति ग्रॅम जिवंत पेशी किती, यांपैकी काहीही छापलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सामू सावरल्यावर द्रव देण्याचे काम झाले. आमच्याच दोन निरोगी गाईंकडून मिळून सुमारे 8 लिटर द्रव काढला, पातळ कापडातून गाळला आणि गरम असतानाच नळीने आजारी गाईला दिला. त्याआधी डॉक्टरांनी त्या दोन्ही गाईंच्या क्षयरोग आणि ब्रुसेल्लोसिस तपासणीचे कागद मागितले, याचे मला विशेष कौतुक वाटले. रात्री साडेनऊच्या सुमारास गाय बसली आणि तिने रवंथ सुरू केला. आई कंदील घेऊन तिच्याजवळ बसून राहिली होती. चौथ्या दिवसापासून गाय पोटभर कडबा आणि मुरघास खाऊ लागली. दहाव्या दिवशी पुन्हा नमुना पाहिला, तेव्हा लहान प्रोटोझोआ भरपूर होते, मोठे मात्र तुरळक. गोठ्याचा फॅट महिन्याभरात 3.7 वर आला. त्यात भात बंद केल्याचा वाटा मोठा आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

आम्ही तपासणीचे 400 आणि द्रव देण्याचे 1500 रुपये दिले. मला दर रास्त वाटला. उणिवाही आहेत. अहवाल हाताने इंग्रजीत लिहिलेला मिळतो आणि त्यात प्रोटोझोआंसमोर फक्त 'चांगले' किंवा 'नाहीत' एवढीच नोंद असते, त्यामुळे दोन तपासण्यांची नीट तुलना करता येत नाही. रविवारी दवाखाना बंद असतो, आणि लग्नाचे जेवण तर बहुतेक शनिवार-रविवारीच गोठ्यावर येते. नमुना स्वतः नेऊन द्यायचा असेल तर तो गार होऊ देऊ नये, कारण थंड द्रवात प्रोटोझोआ हालचाल थांबवतात आणि नमुना मेलेला समजला जाण्याची शक्यता असते. डॉक्टर येण्याआधी गाईला सोडा पाजला असेल, तर किती आणि किती वाजता पाजला ते लिहून ठेवावे. आम्ही ते लिहिले नव्हते, त्यामुळे 5.3 हा आकडा मुळात किती खाली गेला असेल, याचा डॉक्टरांना अंदाजच बांधावा लागला.