सिनेमांवरचे जुने गेम परत खेळायला घेतले, बरेच महिने झाल्यावर काय वाटतंय ते

पहिल्या आठवड्यातच हे लिहायला बसले असते तर सगळ्या गेमना पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते. मेनूचं ते ओळखीचं म्युझिक लागतं आणि सगळंच छान वाटायला लागतं, दोष दिसतच नाहीत. म्हणून मुद्दाम थांबले. नव्याचे असतात तसे जुन्याचेही नऊ दिवस असतात, ते आता कधीच संपलेत. काही डिस्क अजून लागतात, काही कव्हरमध्ये परत गेल्या त्या गेल्याच, आणि माझ्या मते खरा रिव्ह्यू त्यातूनच कळतो.

सेटअप आधी सांगते कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. सेकंडहँड पीएस टू (प्लेस्टेशन २), दोन कंट्रोलर, ८ एमबीचं मेमरी कार्ड. पिवळी-लाल-पांढरी वायर नव्या मोठ्या टीव्हीला थेट लावली की चित्र पुसट येतं, बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि बरेच लोक तेवढ्यावरूनच ठरवतात की हे गेम किती घाणेरडे दिसायचे. तसं नाहीये, हे गेम ट्यूबवाल्या टीव्हीसाठी बनलेले होते. कंपोनंट केबल लावा आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा. गेम मोड नसेल तर टीव्ही चित्र सुधारत बसतो, बटण दाबल्यावर उडी उशिरा येते, मग खड्ड्यात पडलो की राग गेमवर निघतो. हे एवढं केल्याशिवाय जुन्या गेमबद्दल मत देऊच नये असं मला मनापासून वाटतं.

आता सगळ्यात जास्त खेळला तो, स्पायडर-मॅन २. २००४ साली सिनेमाबरोबर आलेला, ट्रेआर्कने बनवलेला. या गेमबद्दल इतकं कौतुक ऐकलेलं असतं की शंका येते, आठवणीनेच मोठा केला असेल. नाही केलेला. २००२ च्या आधीच्या गेममध्ये जाळं वर कुठेतरी हवेत चिकटायचं, इथे ते खऱ्या इमारतीला चिकटतं. म्हणजे आजूबाजूला उंच काही नसेल तर झोका नाही, उजवीकडच्या बिल्डिंगला जाळं लागलं तर तुम्ही उजवीकडेच वळणार, झोक्याच्या तळाशी सोडलं तर वेग मिळतो आणि वर जाताना सोडलं तर उंची. या पद्धतीमागे जेमी फ्रिस्ट्रॉम यांचं डोकं होतं आणि ते काम किती बारकाईने झालंय हे पहिल्या दिवशी कळत नाही, कारण पहिल्या दिवशी आपण भिंतींवर आपटत असतो. हात बसायला वेळ लागतो. एकदा बसला की मात्र मी मिशन वगैरे सोडून नुसती शहरभर फिरत राहते, आणि इतके महिने होऊनही त्याचा कंटाळा आलेला नाही.

बाकीच्या गोष्टींचा आला, हेही तितकंच खरं सांगते. रस्त्यावरचे गुन्हे तेच तेच, माणसं तीच वाक्यं बोलतात, फुगा सुटला म्हणून रडणारा मुलगा पुन्हा पुन्हा भेटतो, आणि पुढच्या चॅप्टरला जायला ठरावीक पॉइंट जमवायचे म्हणून ते सगळं करावंच लागतं. गंमत म्हणजे सिनेमातले प्रसंग जिथे जसेच्या तसे आणलेत, बंद खोलीतल्या मारामाऱ्या वगैरे, तिथेच गेम सगळ्यात कच्चा आहे. आणि सिनेमातला पिझ्झा पोचवायचा छोटासा प्रसंग, त्याचं यांनी वेळेत पोचवायचं मिशन केलं, ते मात्र मस्त जमलंय कारण ते झोक्यावरच उभं आहे. मिस्टेरिओ हा खलनायक तर त्या सिनेमात नाहीच, तो गेममध्ये येतो, त्याची पॉवर भरत भरत जाते, आपण घाबरून तयारी करतो आणि तो एका ठोशात आडवा होतो. बनवणाऱ्यांना मोकळीक मिळाली की काय होतं ते तिथे दिसतं.

हा गेम भारी की भंगार या वादात एक गोष्ट कायम राहून जाते. याच नावाचा पीसीवर आलेला गेम पूर्ण वेगळा होता, लहान मुलांसाठी सोपा केलेला, ठरलेल्या जागांवरूनच झोका घेता यायचा. एकजण म्हणतो आयुष्यातला बेस्ट गेम आणि दुसरा म्हणतो काय भंगार होता, दोघंही खरं बोलत असू शकतात. त्यामुळे कुठला गेम चांगला की वाईट हे बोलताना कशावर खेळलात ते आधी सांगायलाच हवं.

एंटर द मेट्रिक्सबद्दल माझं मत महिन्यांमध्ये बदलत गेलं. सुरुवातीला प्रचंड आवडला. १५ मे २००३ ला, मेट्रिक्स रीलोडेडच्याच दिवशी आला, सिनेमाच्या दिग्दर्शक वाचोव्स्कींनी स्वतः लिहिला, गेमसाठी जवळपास तासभराचं वेगळं शूटिंग केलं, आणि कथा नायोबी आणि घोस्ट या बाजूच्या पात्रांची, म्हणजे सिनेमात जे बाजूला घडतं ते आपण इथे खेळतो. कल्पना म्हणून आजही मला याच्याइतका धाडसी टाय-इन (सिनेमाला जोडून केलेला गेम) आठवत नाही. स्लो मोशनमध्ये भिंतीवरून पळून लाथ मारण्यात मजा आहेच. पण जसजसं खेळत गेले तसतसे रिकामे कॉरिडॉर, सैल वाटणारं गाडी चालवणं, घाईत उरकलेल्या लेव्हल हे सगळं टोचायला लागलं. तारीख ठरलेली, सिनेमा थांबणार नाही, गेमला तयार व्हायलाच हवं, ते आतून जाणवतं. लाखोंनी विकला गेला तरी. त्यातली हॅकिंगची स्क्रीन मात्र मी अजूनही अधूनमधून उघडते, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत गुपितं शोधायची, ते आजही भारी आहे.

भाऊ आला की मात्र एकच डिस्क लागते, लॉर्ड ऑफ द रिंग्जचा रिटर्न ऑफ द किंग. २००३ चा, ईए कंपनीच्या रेडवूड शोअर्स स्टुडिओचा, आणि याच स्टुडिओने पुढे २००८ मध्ये गाजलेला डेड स्पेस बनवला हे लक्षात घेतलं की टाय-इन करणारे लोक कमी दर्जाचे असायचे हा समज तिथेच संपतो. सिनेमाचा सीन चालू असतो आणि तो हळूच विरघळून गेममध्ये शिरतो, कधी शिरला ते पटकन कळत नाही, त्या काळात हे बघून तोंडाचा आ व्हायचा आणि आजही ते जमून आलेलं वाटतं. मिनास तिरिथ या शहराच्या तटावर शिड्या लाथेने पाडत राहायच्या, एकाने शिडी बघायची दुसऱ्याने वर आलेल्यांना आवरायचं, आम्ही दोघं ओरडत असतो. एकटीने तीच लेव्हल खेळले तर वैताग येतो. कॅमेरा आपल्या हातात नाही, दुसरा खेळाडू मागे राहिला की दोघांची पंचाईत, आणि काही ठिकाणी मरून मरून जीव जातो. तरी दोघांनी खेळायचा असेल तर याला तोड नाही, एकट्याने असेल तर मी दोन पायऱ्या खाली ठेवीन.

किंग काँगकडून मला काहीच अपेक्षा नव्हती. २००५ चा, मिशेल आन्सेल आणि यूबीसॉफ्टचा. स्क्रीनवर काहीच नाही, ना तब्येतीची पट्टी, ना गोळ्यांचा आकडा. किती गोळ्या उरल्यात ते पात्र तोंडाने सांगतं, मार बसला की स्क्रीन लाल होते, गोळ्या संपल्या की हाडं आणि भाले उचलायचे, वाळलेल्या गवताला आग लावायची, एका प्राण्याला आमिष दाखवून दुसऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. सिनेमात त्या बेटावर माणूस किती लहान वाटतो, ते या गेमने पकडलंय. मग मध्येच आपण काँग होतो आणि सगळं उलटं होतं, मघाशी ज्यांच्यापासून पळत होतो त्यांना उचलून आपटतो. शिवाय पुरेसे पॉइंट मिळवले तर वेगळा शेवट खुला होतो ज्यात काँग वाचतो, आणि तो मिळवण्यासाठी मी परत खेळले, सांगायला काहीच वाटत नाही की डोळ्यांत पाणी आलं. लहान गेम आहे, पटकन संपतो. पण त्यात भरताड अजिबात नाही.

आता वेळेच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर बोलायचंय, कारण फसलेला टाय-इन म्हटलं की ई.टी.चं नाव निघतंच. १९८२, अटारी २६००, हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना ख्रिसमसला गेम दुकानात यावा म्हणून साधारण पाच आठवडे मिळाले. गेमच्या न विकलेल्या कार्ट्रिज न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोला पुरल्या आणि २०१४ मध्ये उकरून काढल्या, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच माणसाने त्याआधी यार्स रिव्हेंज केला होता जो त्या मशीनवरच्या उत्तम गेममध्ये धरला जातो, हे फार कमी लोक सांगतात. वॉरशॉ यांना नावं ठेवणं मला अन्याय वाटतो. पाच आठवड्यांत एकट्या माणसाकडून काय होणार?

दुसऱ्या टोकाला जेम्स बाँडचा गोल्डनआय. सिनेमा नोव्हेंबर १९९५ चा, गेम ऑगस्ट १९९७ चा, म्हणजे जाहिरातीच्या दृष्टीने पार उशीर झालेला. पण रेअर कंपनीतल्या त्या टीमला, ज्यातल्या बऱ्याच जणांचा हा पहिलाच गेम होता, वेळ मिळाला. चौघांनी खेळायचा तो प्रसिद्ध मोड तर शेवटी शेवटी घातलेला. मी हा २०२३ मध्ये निन्टेंडोच्या स्विचवर परत आला त्या रूपात खेळतेय. कंट्रोल सुरुवातीला हाताला लागत नाहीत, सेटिंगमध्ये जाऊन बदलावे लागतात, एकदा बदलले की पुढचं सोपं. मला आजही आवडतं ते हे की डिफिकल्टी वाढवली की नुसते शत्रू दणकट होत नाहीत, कामं वाढतात, तीच धरणाची लेव्हल पण आता आत जाऊन आणखी काहीतरी करून यायचंय. त्यामुळे एकच जागा परत परत खेळावीशी वाटते.

तरी फक्त वेळ मिळाला की झालं, असंही मी म्हणणार नाही. स्पायडर-मॅन २ सिनेमाबरोबरच आला की. ट्रेआर्कच्या हाती आधीचा गेम होता, आणि त्यांनी सिनेमातली एकच कृती निवडून तिच्यावर जीव टाकला. काँगमध्ये तशी भीती आहे, रिटर्न ऑफ द किंगमध्ये तट लढवणं आहे. मला इतक्या महिन्यांनंतर एवढंच ठामपणे सांगता येतं की ज्यांनी सिनेमाची गोष्ट परत सांगायचा प्रयत्न केला ते गेम मी बाजूला ठेवले आणि ज्यांनी सिनेमातलं काहीतरी एक हाताला करायला दिलं ते चालू आहेत. रिडिक या सिनेमातल्या पात्रावरचा बुचर बे, २००४ चा, त्याने तर सिनेमाची गोष्टच घेतली नाही, आधीची तुरुंगातली गोष्ट रचली, आणि बरेच लोक म्हणतात की तो सिनेमापेक्षा सरस आहे. मीही म्हणते.

लायन किंगबद्दल थोडं. १९९४ चा हा गेम २०१९ च्या अलादीनसोबतच्या पॅकमध्ये खेळले, त्यात रिवाइंड आहे, चूक झाली की मागे जाता येतं. दुसरी लेव्हल लहानपणी कुणालाच जमायची नाही, आणि बनवणाऱ्यांपैकी लुई कॅसल यांनी नंतर सांगितलंय की भाड्याने नेणाऱ्यांनी गेम झटपट संपवू नये म्हणून ती मुद्दाम अवघड केली होती. चित्रं आजही देखणी, पण हे कळल्यावर त्या लेव्हलबद्दलचं माझं प्रेम आटलं. अलादीन मात्र निखळ आनंद आहे.

असे गेम आता का येत नाहीत, याचं कारण साधं आहे. मोठा गेम बनवायला तीन-चार वर्षं आणि प्रचंड पैसा लागायला लागला, सिनेमा त्याहून लवकर तयार होतो, दोघांची तारीख जुळत नाही. आता येतात ते रोबोकॉप: रोग सिटीसारखे, २०२३ चा, सिनेमाला कितीतरी वर्षं उलटल्यावर, मूळ कलाकार पीटर वेलर यांचा आवाज घेऊन, प्रेमाने केलेले. मला हे आवडतं. पण सिनेमा बघून घरी यायचं आणि त्याच आठवड्यात त्याच जगात शिरायचं, ती हुरहुर त्यात नाही, आणि ती मला हवी आहे.

ज्यांना हे गेम घ्यायचेत त्यांनी डिस्कच शोधा. लायसन्स संपलं की डिजिटल कॉपी दुकानातून गायब होते, स्कॉट पिल्ग्रिमचा गेम २०१४ मध्ये काढून टाकला होता आणि थेट २०२१ मध्ये परत आला, तेही लोकांनी इतकी वर्षं मागणी लावून धरली म्हणून. बाकीच्यांचं नशीब तेवढं नाही. डिस्क घेताना मागची बाजू उजेडात धरून बघा, बारीक रेघा चालतात, गोल फिरणारे खोल ओरखडे नको. मला पुढे एक्स-मेन ओरिजिन्स: वुल्व्हरिनचा २००९ चा गेम खेळायचाय, तिथेही तीच गोष्ट आहे, रेव्हन सॉफ्टवेअरची जखमा डोळ्यांदेखत भरून येणारी अनकेज्ड एडिशन पीएस थ्री, एक्सबॉक्स ३६० आणि पीसीवर आहे, पीएस टूवर त्याच नावाचा वेगळा आणि बराच साधा गेम मिळतो. कव्हर जवळजवळ सारखंच दिसतं, तेव्हा घेण्याआधी अनकेज्ड लिहिलंय का ते बघून घ्या.