गडावरच्या मुक्कामासाठी हलकं सामान: ठाण्याहून निघणाऱ्याने काय घ्यावं?

हलक्या सामानाची माहिती शोधायला बसलं की सगळ्यात काटेकोर याद्या सापडतात त्या परदेशातल्या शिकाऱ्यांच्या. पाठीवर सगळा संसार घेऊन ते आठवडाभर डोंगरात राहतात, त्यामुळे ग्रॅम-ग्रॅम मोजून सामान भरतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. पण कॅमेरा-दुर्बीण घेऊन रानात राहणाऱ्याला किंवा गडावर मुक्कामाला जाणाऱ्याला वजनाची ती शिस्त नक्की उपयोगी पडते. यादी मात्र जशीच्या तशी उचलू नये. ती कोरड्या, गोठवणाऱ्या थंडीसाठी बनलेली असते. आपल्या सह्याद्रीत पायाखाली कातळ आहे, पहाटे दव आहे आणि उन्हं तापू लागली की गडावरची टाकी आटतात, म्हणजे पाणी खालूनच वर न्यावं लागतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि माणशी तीन-चार लिटर तरी हवंच. बाकी सामानातून वजन वाचवायचं ते या पाण्यासाठी.

तंबू, टार्प की गुहा

दोन माणसांचा घुमटाकार, दुहेरी आवरणाचा तंबू फायबरग्लासच्या पोलसह अडीच ते तीन किलो भरतो. पोल ॲल्युमिनियमचे असतील तर दोन किलोच्या आसपास. ट्रेकिंगच्या काठीवर उभा राहणारा एकेरी कापडाचा तंबू एक किलोभर. तीन मीटर बाय तीन मीटरचा टार्प, म्हणजे छतासारखं ताणायचं नुसतं जलरोधक कापड, दोऱ्या आणि खुंट्या धरून पाऊण किलो.

कागदावर काठीवरचा तंबू जिंकतो. पण तो उभा राहतो तो पूर्णपणे खुंट्यांच्या जोरावर. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर कोकणकड्याच्या बाजूला खुंटी ठोकून बघा. चार बोटं मुरूम, त्याखाली थेट कातळ. खुंटी वाकते, आत जात नाही. रात्री वाऱ्याने एक कोपरा सुटला की अख्खा तंबू अंगावर येतो. घुमटाकार तंबू आपल्या पोलवर उभा असतो, त्याला फक्त उडू न देण्यापुरता आधार लागतो. तो दगडांनी देता येतो, पण नीट पद्धतीने. दोरी दगडाला थेट गुंडाळली तर धारेवर घासून रात्रीतून तुटते. त्याऐवजी खुंटी दोरीच्या फासात आडवी अडकवायची, जमिनीवर सपाट ठेवायची आणि तिच्यावर दोन-तीन जड दगड रचायचे. मग ताण खुंटी घेते, दोरी दगडाला लागत नाही.

दुसरा मुद्दा दवाचा. डिसेंबरच्या निरभ्र रात्री एकेरी कापडाच्या तंबूत पहाटे आतून थेंब जमतात. आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडावर साचते आणि पाय लागला की स्लीपिंग बॅगचं टोक ओलं होतं. दुहेरी तंबूत हे थेंब बाहेरच्या आवरणावरून ओघळून जातात, आतल्या जाळीपर्यंत सहसा पोचत नाहीत. त्यासाठी एक किलो जास्त उचलणं मला पटतं. शिवाय दोघं असाल तर आवरण आणि पोल एकाकडे, आतला तंबू आणि खुंट्या दुसऱ्याकडे. माणशी किलोभरच येतं.

टार्प उन्हाळ्याच्या तोंडावर सुखाचा, वारा खेळता राहतो. पण फुरसं आणि विंचू दोन्ही रात्री हिंडणारे, आणि दिवसा दगडांखाली राहणारे. आपण मुक्कामाला जागा निवडतो तीच त्यांची वस्ती. त्यामुळे टार्पसोबत तळाला शिवलेली बंद जाळी हवीच. ती धरली की वजन काठीवरच्या तंबूच्या जवळ जातं आणि टार्प घेण्याचं मुख्य कारणच उरत नाही.

गुहेत राहायचं ठरलं तर तंबू लागतच नाही. मुरबाडकडच्या गोरखगडावर कातळात कोरलेली गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. खाली अंथरायला एक प्लास्टिक आणि वर मच्छरदाणी पुरते. शनिवारी मात्र गुहा तुमच्यासाठी रिकामी असेल असं धरून चालू नका. हरिश्चंद्रगडाकडे पाचनई-खिरेश्वरला गावकरी जेवणाची आणि मुक्कामाची सोय करतात, तंबूही भाड्याने देतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याला माझा आग्रह हाच: तंबू विकत घेऊ नका, ते पैसे गावात द्या. हरिश्चंद्रगड आणि रतनगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, तेव्हा मुक्कामाला परवानगी आहे का हे निघण्याआधी वनविभागाकडे विचारून घ्या.

पावसाळ्यात मात्र यातला कोणताच पर्याय नको. जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती रात्रीच. भर पावसात उताराखाली मुक्काम नकोच.

झोपायचं सामान

पिसांची स्लीपिंग बॅग सहाशे-सातशे ग्रॅम, कृत्रिम धाग्याची किलो-सव्वा किलो. फरक मोठा दिसतो, तरी मी धाग्याचीच घ्या म्हणेन. पिसं ओली झाली की चपटी होतात आणि ऊब संपते, आणि दवाचं वर सांगितलंच आहे. खरी अडचण घरी येते. पिसांची बॅग दाबून ठेवायची नसते, मोकळी टांगावी लागते. ठाण्यातल्या किंवा नेरूळ-बेलापूरच्या फ्लॅटमध्ये जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती कपाटात राहिली तर बुरशीचा वास धरते, आणि धुणं-वाळवणं फार नाजूक काम. धाग्याची बॅग धुऊन बाल्कनीत टाकली की झालं. हिवाळ्यात माथ्यावर रात्री पारा आठ-दहापर्यंत उतरतो, क्वचित त्याहूनही खाली. म्हणून १० अंशांच्या आसपासची कम्फर्ट मर्यादा (म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान) असलेली बॅग आणि अंगात एक स्वेटर पुरे. लेबलवरचा एक्स्ट्रीम हा आकडा झोपण्यासाठी नसतो, फक्त जीव वाचण्यापुरता असतो. त्यावरून निवड करू नका. मार्चनंतर पातळ सुती खोळही चालते.

मॅट फोमची घ्या. चारशे ग्रॅम, जागा खाते, पण फुटत नाही. हवेची मऊ असते, कुशीवर झोपणाऱ्याला बरी वाटते, मात्र तोडलेल्या कारवीचे खुंट तिला एका रात्रीत भोक पाडतात.

चूल न्यायची का

छोटा बर्नर, २३० ग्रॅम गॅसचा डबा आणि एक भांडं मिळून पाऊण किलोच्या आसपास. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला हे ठीक. लोकलने आसनगाव किंवा कसाऱ्याला उतरणाऱ्यांनी विचारही करू नये. रेल्वेत ज्वलनशील पदार्थ नेणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि स्पिरिटच्या चुलीलाही हेच लागू. गच्च भरलेल्या डब्यात गॅस नेणं इतरांच्या जिवाशी खेळणं आहे. धपाटे, चटणी, गूळ, शेंगदाणे न्या. चहा गावात मिळतो. आणि वर लाकडं पेटवू नका. हिवाळ्यात वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं आणि वणवा लागतो.

सॅक

४० ते ४५ लिटरची. ६५ लिटरची घेतली की ती भरली जातेच. लोकलसाठी एक गोष्ट जरूर करा: मॅट सॅकच्या बाजूला उभी बांधा. आडवी बांधली तर ठाण्याला चढताना दारातल्या दांड्यात अडकते आणि मागची गर्दी ढकलत असते. सॅकवरच्या रेनकव्हरपेक्षा आतून लावलेली जाड प्लास्टिकची पिशवी हलकी आणि खात्रीची.

बेरीज करून बघू. तंबूचा वाटा १.१ किलो, स्लीपिंग बॅग १.१, मॅट ०.४, सॅक १.३, कपडे, हेडटॉर्च आणि औषधं १.२. सव्वापाच किलोच्या आत. त्यावर चार लिटर पाणी आणि किलोभर खाणं, म्हणजे दहा किलो. खिरेश्वरहून टोलार खिंडीने एवढं ओझं साधारण तब्येतीचा माणूस नीट चढवू शकतो.

खरेदी करताना आधी सॅक आणि मॅट घ्या, मग स्लीपिंग बॅग. तंबू एक हंगाम भाड्याचा वापरून मग ठरवा. दुकानात तंबूचं वजन विचाराल तेव्हा खुंट्या, दोऱ्या आणि पिशवीसकट तोलून मागा. खोक्यावर बरेचदा त्या सोडूनचा आकडा छापलेला असतो.