टोटल वॉर: वॉरहॅमर ३ – ड्वॉर्फांची डूक धरायची वही

टोटल वॉर: वॉरहॅमर हा डावपेचांचा संगणकखेळ. ड्वॉर्फ म्हणजे त्यातली दाढीवाल्या बुटक्यांची जमात; तिच्यावर कुणी अन्याय केला की तो या वहीत चढतो. २०१६ च्या पहिल्या भागात ही वही म्हणजे नुसती कामांची यादी होती. नोंदी तुंबल्या की प्रजा कुरकुरायची, बस्स. ३० एप्रिल २०२४ ला तिसऱ्या भागाच्या ५.० पॅचनं (अपडेटनं) तिची खतावणी केली. आता दर १० फेऱ्यांना वसुलीचं टार्गेट असतं. कुणी हल्ला केला, हद्दीत घुसला किंवा पूर्वजांचा किल्ला बळकावून बसला, की त्याच्या नावावर उधारी चढते. गाव जिंकलं की तेवढी वसुली जमा. टार्गेट गाठलं तर बक्षिसं आणि खास तुकड्या, हुकलं तर राज्यात असंतोष.

खरी मेख किल्ल्यांत आहे. ड्वॉर्फांच्या हाडवैरी ऑर्कांनी घेतलेला किल्ला तुमच्या मित्रानं सोडवून स्वतःकडे ठेवला, तरी खातं मित्राचंच चढतं. वही ताबा बघते, गुन्हा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादात बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं; ड्रायव्हरनं काय केलं होतं हे दोन्हीकडे कुणी विचारलं नाही. तसंच आहे हे.

खेळामागच्या कथेतही तेच. डार्क एल्फांनी आपलेच वैरी भाऊबंद असलेल्या हाय एल्फांचं सोंग घेऊन ड्वॉर्फांचे तांडे लुटले. जाब विचारायला गेलेल्या दूतांची दाढी हाय एल्फांचा राजा दुसरा कॅलेडॉर यानं भादरून पाठवली. युद्ध पेटलं, ड्वॉर्फांचा राजा गॉट्रेक यानं कॅलेडॉरला मारून त्याचा मुकुट काराझ-ए-काराक या आपल्या राजधानीला नेला. सोंग घेणारे नामानिराळे! इतकी मोठी चूक कथेतच असताना वहीत ‘नोंद चुकली’ म्हणून खोडायची सोय नाही, हे खटकतंच की.

मित्राशी बिघडवायचं नसेल तर वाटाघाटीत पैसे मोजून किल्ला विकत घ्या. टार्गेट पूर्ण झालं की हात आखडा. मोठं शहर पुढच्या १० फेऱ्यांसाठी राखा. नाहीतर जवळची उधारी संपते आणि सैन्य लांब पोचेपर्यंत मुदत जाते. सगळ्यात जास्त फजिती इथंच होते.

घेताना एक बघा: ड्वॉर्फांचा आत्ताचा राजा थॉरग्रिम खेळायला हवा तर पहिला भाग विकत लागतो. मलाकाय या ड्वॉर्फ सरदाराच्या पॅकमध्ये खेळायला ड्वॉर्फ सरदार म्हणून फक्त मलाकाय मिळतो. डिस्कवर १२० जीबी मोकळी ठेवा, एसएसडी असेल तर उत्तम. लढाईच्या मधे सेव्ह होत नाही, त्यामुळं हेस्कॉमची (इकडच्या वीज कंपनीची) लाईट जायच्या वेळेत यूपीएसशिवाय मोठ्या किल्ल्याला वेढा घालू नका.