आधी कुणाची तपासणी, त्याची की तिची?

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, की डॉक्टर गाठायचे. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहाच महिने थांबायचं. बहुतेक घरांतून ती एकटी जाते, सोबत फार तर सासूबाई. खरं तर जवळपास निम्म्या जोडप्यांत अडचण नवऱ्याकडे किंवा दोघांकडेही असते.

त्याची पहिली तपासणी एकच, वीर्याची, म्हणजे सीमेन अॅनालिसिस. २ ते ७ दिवस संबंध टाळायचे आणि लॅबने दिलेल्या डबीत नमुना द्यायचा. घरून नेणार असाल तर तासाभरात, डबी अंगाशी धरून. सुई नाही, भूल नाही. मिलिलिटरला १६ मिलियन ही काउंटची, म्हणजे शुक्रजंतूंच्या संख्येची, खालची मर्यादा धरतात, पण त्याखाली आकडा आला म्हणजे आशा संपली असं नाही. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मागे येऊन गेलेला तापही रिपोर्ट बिघडवतो. म्हणून खराब रिपोर्ट पुन्हा करून बघतात. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर लाज न बाळगता सांगा, त्यांनी काउंट शून्यावरही जातो.

तिचं सगळं पाळीच्या तारखांवर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी, मग बीज कसं वाढतंय ते बघणाऱ्या फॉलिक्युलर स्टडीसाठी दर एक-दोन दिवसांनी सोनोग्राफी. एएमएच ही रक्ततपासणी मात्र कधीही होते. ती बीजांचा साठा किती याचा अंदाज देते, दर्जाचा नाही. ट्यूब, म्हणजे गर्भनलिका, मोकळ्या आहेत का हे बघायला एचएसजी: गर्भाशयात डाय सोडून एक्स-रे. पाळीत येतात तशा कळा येतात, काहींना बऱ्याच जोराच्या. आपल्याकडे टीबीमुळेही ट्यूब बंद होतात, म्हणून ही तपासणी उगाच सांगितलेली नसते.

माझं मत विचाराल तर रक्ततपासण्या आणि त्याचा नमुना एकाच आठवड्यात उरका. तिची पाळी अनियमित असेल तर तिचं थांबवून ठेवू नका. पण एचएसजी त्याच्या रिपोर्टनंतर. काउंट फारच कमी निघाला आणि थेट इक्सी (लॅबमध्ये एक शुक्रजंतू सुईने बीजात सोडणं) करायचं ठरलं, तर ट्यूबचा प्रश्न बऱ्याचदा उरतच नाही. आययूआयला (शुक्रजंतू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) मात्र निदान एक ट्यूब मोकळी लागते. तिच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला तर नवऱ्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय होकार देऊ नका, गाठ किंवा असह्य पोटदुखी असेल तर गोष्ट वेगळी.

‘मला काय झालंय?’ असं तो म्हणेल. संबंध व्यवस्थित होत असले तरी वीर्यात शुक्रजंतू नसू शकतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.