फोन झकास, पण वायफायने डोकं उठवलं होतं (काही महिने वापरल्यानंतर)

बॅटरी, कॅमेरा, स्पीड, कशाबद्दलच तक्रार नाही, बॅटरी तर अजूनही दिवसभर आरामात जाते, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते वायफायबद्दल.

घरच्या राउटरला जोडायला गेलं की आधी 'कनेक्टिंग', मग 'सेव्ह्ड' आणि तिथेच ठप्प. मधूनच 'पासवर्ड तपासा'. अरे काय तपासा, डोळ्याच्या चिन्हावर दाबून एकेक अक्षर बघितलंय, आणि त्याच पासवर्डवर घरातले जुने फोन मस्त चालू! मग कोणीही म्हणणार की हाच पीस खराब. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पण नीट न बघताच फॅक्टरी रीसेट मारा म्हणून सांगितलं (सगळ्या दुखण्यांवर यांचं हे एकच औषध), मारलं, काडीचा फरक नाही. पण दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटला हा लगेच जोडला गेला, तेव्हा म्हटलं बिघाड फोनच्या वायफायमध्ये नाहीये.

राउटर होता डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची जुनी आणि नवी पद्धत) मिक्स मोडवर, म्हणजे दोन्ही चालू. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, जुन्या फोनना ते कळतच नाही, ते गुपचूप डब्ल्यूपीए२ धरतात आणि जोडले जातात. नवा फोन डब्ल्यूपीए३ ने जायला बघतो आणि राउटरचं जुनं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) नेमकं तिथेच गडबडतं, म्हणजे नवा आहे म्हणूनच अडला की! राउटरच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए२, एईएस (एन्क्रिप्शनचा प्रकार) केली, फोनवर ते नेटवर्क 'फर्गेट' करून परत जोडलं, लागला. नंतर राउटरचं फर्मवेअर अपडेट केलं तर आता मिक्स मोडवर पण नीट चालतंय.

ऑफिसमध्ये वेगळंच नाटक. तिथे राउटरवर मॅक फिल्टर आहे, म्हणजे ज्याचा मॅक (उपकरणाचा वायफाय ओळख क्रमांक) नोंदवलाय तोच फोन जोडला जातो, आणि अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक न देता बनावट देतो. 'अबाउट फोन' मधला मॅक आयटीवाल्यांकडे नोंदवून काही उपयोग नाही, कारण फोन तो पाठवतच नाही. त्या नेटवर्कच्या प्रायव्हसीमध्ये जाऊन 'डिव्हाइसचा मॅक' निवडायचा, झालं. ओळखायचं असेल तर मॅकमधलं दुसरं अक्षर बघा, २, ६, ए किंवा ई असेल तर बनावट समजा.

अजून एक, फोन 'आयपी अॅड्रेस मिळवतोय' वर अडकला असेल तर पासवर्डच्या मागे लागू नका, तो टप्पा तेव्हा पार झालेला असतो, आयपी (फोनचा नेटवर्कवरचा पत्ता) वाटणाऱ्या राउटरकडे बघा. आणि 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज' अगदी शेवटी करा, सगळे सेव्ह केलेले पासवर्ड जातात आणि ब्लूटूथची जोडलेली उपकरणं पण.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण अडचण कुठलीही असो, फोनला 'पासवर्ड तपासा' एवढंच बोलता येतं.