सात महिने मल्टिमीटर वापरला, त्यात पिकअपचं दुखणं सापडलं

रावेर-सावदा पट्ट्यात केळीची वाहतूक करतो. गाडी २००९ ची डिझेल पिकअप. दिवाळीनंतर साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजायचं यंत्र) घेतला, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तसा. त्याचा हा अनुभव.

गाडी सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू. पण माल भरून तीस-चाळीस किलोमीटर चालवून बंद केली, की कधीकधी नुसतं 'टक', पुढे काही नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. फेब्रुवारीत वजनकाट्यावरच अडली. मागे पाच गाड्या उभ्या, वर ऊन, केळी तापतेय. शेवटी हमालांनी धक्का मारून खाली उतरवली. त्याआधी बॅटरी नवी टाकून झाली होती, सेल्फ खोलून कार्बनही बदलले होते. मिस्त्रींना दोष देत नाही. त्यांच्या दारात नेली की ती सुरूच व्हायची, मग ते तपासणार तरी काय?

पहिले तीन महिने मीही चुकीचंच मोजत होतो. गाडी उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसायचे, डायनामो चालू असताना १४.२. दोन्ही आकडे चांगले, म्हणून मीटर परत डब्यात. बिघाड ज्या क्षणी होतो त्याच क्षणी मोजलं पाहिजे, हे फार उशिरा कळलं. मग मीटर सीटखालीच ठेवायला लागलो.

एप्रिलमध्ये फैजपूरजवळ गाडी परत अडली. पुतण्या सोबत होता. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीवर लावला आणि त्याला चावी फिरवायला सांगितली. 'टक' झालं, पण आकडा १२ च्या खाली आला नाही. डिझेलचा सेल्फ शेकड्याने अँपिअर खेचतो, तेव्हा चांगल्या बॅटरीचाही आकडा दहा-साडेदहावर येतो. इथे तो खालीच येत नव्हता, म्हणजे बॅटरीत ताकद होती, करंट पुढे जात नव्हता. मग काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल थेट इंजिनच्या ब्लॉकवर, घासून स्वच्छ केलेल्या जागी धरली.

"काका, मारू का सेल्फ?"

"मार."

६.५ व्होल्ट! तिथे पाव व्होल्टही दिसायला नको.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट इंजिन ते चेसिसच्या अर्थिंग पट्टीतूनच परत येतो. ती पट्टी वरून ठीक दिसत होती. बोल्ट काढून वाकवली तर लगच्या (टोकाच्या धातूच्या कड्याच्या) आतून हिरवी पूड गळाली, निम्म्या तारा तुटलेल्या. तापली की उरलेली पकडही ढिली पडायची. नवी जाड पट्टी टाकली, चेसिसचा रंग खरवडून घट्ट आवळली. आकडा ०.१५ वर आला. मे महिन्यात भुसावळकडच्या उन्हात रोज फेऱ्या केल्या, एकदाही धक्का मारावा लागला नाही.

जूनमध्ये एकदा सकाळी 'टकटकटकटक' असा आवाज आला. हे दुखणं वेगळं. उभ्या बॅटरीवर ११.८ दाखवत होता, म्हणजे बॅटरीच उतरलेली. केबिनचा दिवा रात्रभर चालू राहिला होता. मीटर नसता तर परत सेल्फ खोलून बसलो असतो.

आता मीटरच्या उणिवा. आकडा सावकाश बदलतो, त्यामुळे सेल्फ तीन-चार सेकंद तरी मारत ठेवावा लागतो. पडद्यात दिवा नाही. सोबतच्या पिना हातानेच धराव्या लागतात, मगरचिमटे वेगळे घ्या, एकट्या माणसाचं काम त्यांनीच होतं. आतला ९ व्होल्टचा सेल उतरला की मीटर जास्तीचे आकडे दाखवतो. माझा मार्चमध्ये उतरला होता आणि उभ्या गाडीच्या बॅटरीवर १४ दिसल्यावर मी चक्रावलो होतो. अँपिअरच्या खाचेत पिन घालून सेल्फचा करंट मोजायला जाऊ नका, ती १० अँपिअरपुरतीच असते. आणि विहिरीवरच्या थ्री-फेज मोटारीला मी हा स्वस्तातला मीटर लावत नाही, तिथे वायरमनलाच बोलावतो.